जिथं रेकॉर्ड पांढरी पडली

अण्णांच्या पेटीतली कुठलीही रेकॉर्ड बाहेर काढावी आणि खिडकीच्या उजेडात जरा तिरकी धरावी. काळ्याभोर चकाकीत मधेच एक करडी रेघ दिसते. कुठं शिवणाच्या दोऱ्याएवढी, कुठं सुतळीएवढी. ही रेघ गाण्याच्या सुरुवातीला कधी नसते, मुखड्यावर तर क्वचितच. ती असते गाण्याच्या पोटात, जिथं गाणारा थांबलाय आणि मागं नुसती बेस गिटार, ड्रम आणि सिंथेसायझर उरलाय, तिथं. त्या जागी सुई इतक्या वेळा परत ठेवली गेली की खाच झिजून पांढरी पडली.

मी आज रात्री जागून जे काम करतो ते म्हणजे कुणाला फारशा माहीत नसलेल्या जुन्या डिस्को आणि सिंथच्या, म्हणजे सिंथेसायझरच्या, गाण्यांतला नाचायचा भाग शोधायचा, तो कापून, जोडून, लांबवून नाचणाऱ्यांसाठी पुन्हा उभा करायचा. जगभर याला री-एडिट म्हणतात. पण हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी मी त्या करड्या रेघा बघितल्या होत्या. त्यातल्या काही तर माझ्याच हातानं पडल्या होत्या.

लातूरच्या गंज गोलाईच्या मागं एका बोळात अण्णांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. दोन खणांची खोली. अहुजाचा ॲम्प्लिफायर, चार भोंगे, एक माईक, एक रेकॉर्ड प्लेअर, वायरींची वेटोळी आणि रेकॉर्डींच्या दोन पत्र्याच्या पेट्या. तुळशीचं लग्न लागलं की सराई सुरू व्हायची ती मृग निघेपर्यंत. मग गणपती, मग नवरात्र. औसा, निलंगा, रेणापूर, जिथून सुपारी येईल तिथं अण्णा जायचे. सुट्टी असली की मी बरोबर.

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला वाजतगाजत निघतो, त्याला परण्या म्हणतात. चालत्या बैलगाडीवर सुई उड्या मारते, म्हणून अण्णा सेट मारुतीच्या पारावरच लावायचे आणि भोंगे लिंबाच्या फांदीला बांधायचे. परण्या पारापाशी आला की पोरं तिथंच घेरा धरून नाचायची. प्लेअरच्या मुंडक्यावर चार आण्याचं नाणं चिकटपट्टीनं बसवलेलं असायचं, सुई उडू नये म्हणून. त्या नाण्याच्या भारानं रेकॉर्ड लवकर झिजते हे अण्णांना ठाऊक होतं. पण भर नाचात सुई उडाली तर गावभर नाव खराब होतं, हेही ठाऊक होतं.

अण्णा स्वतः प्लेअरजवळ कधी थांबायचे नाहीत. सेटजवळ उभं राहून काही कळत नाही, पाय बघावे लागतात, असं म्हणून ते गर्दीत शिरायचे. प्लेअरवर मी, वय आठ-नऊ वर्षांचं. गाण्यातली ती जागा आली, बेस गिटार सुटी झाली, की घेऱ्यातल्या पोरांचं अंग बदलायचं. तोवर हात वर करून ओरडणारी पोरं एकदम गप्प व्हायची आणि खाली बघून नाचायला लागायची. मग व्हायोलिनांचा ताफा यायचा, गाणारा परत यायचा, आणि ती जागा संपायची. त्याच क्षणी गर्दीतून अण्णांचा उजवा हात वर निघायचा. तर्जनी उभी, आणि हवेत एक गोल. म्हणजे पुन्हा.

रेकॉर्डच्या कागदी लेबलवर आईची एक लाल टिकली चिकटवलेली असायची. सुई उचलायची, आधीच्या करड्या रेघेवर डोळा ठेवून नेमक्या त्या खाचेवर आणायची, आणि खालून टिकली फिरत येऊन सुईच्या दांड्यासमोर आली की सोडायची. थोडं मागं सोडलं तर गाणारा अजून गातच असतो, थोडं पुढं सोडलं तर पहिला ठोका निसटतो. उचलण्यापासून टेकण्यापर्यंत जी अर्ध्या सेकंदाची फट पडायची ती हलगीवाला भरून काढायचा. शेकोटीवर तापवून कडक केलेली हलगी घेऊन तो पाराच्या पायरीशी तयारच असायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अण्णांचं बोट त्यालाही दिसायचं.

एकदा मी दमलो होतो. आठव्या की नवव्या खेपेला त्यांचं बोट वर गेलं आणि मी सुई उचललीच नाही, गाणं पुढं जाऊन संपलं. अण्णा गर्दीतून तरातरा आले. मी म्हणालो, "अण्णा, गाणंच संपलं की."

"पोरं नाचायलीत ना अजून?" ते म्हणाले. "मग गाणं कसं काय संपंल?"

रागावले नव्हते. खरंच विचारत होते.

ऐंशीच्या दशकात बाकीचे सगळे कॅसेटवर गेले. कॅसेट स्वस्त, हलकी, उन्हात वाकत नाही, गाडीवरही वाजते. अण्णा मात्र नाचाच्या वेळेला रेकॉर्डच काढायचे. कॅसेट मागं घ्यायची म्हटलं तर तेवढ्यात घेरा थंड होतो. रेकॉर्डवर गाण्याची प्रत्येक जागा डोळ्यांना दिसते आणि बोटाच्या अंतरावर असते. मी पुढं दहावी-अकरावीत असताना दोन खणांच्या टेपरेकॉर्डरवर पॉजचं बटण दाबून-सोडून एकच तुकडा दहा-दहा वेळा भरायचो. जोड खडखडायचे, पण तेवढ्यासाठी शाळेतली पोरं माझ्याकडं कोऱ्या कॅसेट आणून द्यायची.

नंतर मी इन्व्हर्टर-बॅटरीच्या धंद्यात पडलो आणि हे सगळं मागं राहिलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुण्यात एका मित्राच्या घरी त्यानं बारा इंची रेकॉर्ड लावली. पांढरं लेबल, त्यावर नाव नाही, गाव नाही, नुसता एक रबरी शिक्का. सत्तरच्या दशकाच्या शेवटातलं कुठलंसं युरोपातलं डिस्को. दोन मिनिटांनी गाणारी बाई थांबली, बेस सुटा झाला, आणि तो संपेचना. आठ बार, म्हणजे चार-चार ठोक्यांचे आठ गट, मग सोळा बार, बत्तीस. मधे एखादा टाळीचा आवाज आत येई, एखादा जाई. माझा उजवा हात आपोआप वर उठला. मित्राला वाटलं मला पाणी हवंय.

त्यानं सांगितलं तेव्हा कळलं की या कामाला नाव आहे, इतिहास आहे, आणि त्यातल्या एका थोर माणसाला नेमकं अण्णांनाच पडलेलं कोडं पडलं होतं. टॉम मोल्टन. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर तो नाच बघत उभा होता. त्याच्या लक्षात आलं की लोक रंगात येतात न येतात तोच तीन मिनिटांचं गाणं संपतं, दुसरं लागतं, आणि लोक डान्स फ्लोअर सोडून निघून जातात. त्यानं घरी बसून एक टेप तयार केली, एका गाण्यातून दुसऱ्यात न तुटता जाणारी. ४५ मिनिटांच्या त्या टेपला ८० तास लागले. मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की तोही सेटजवळ नव्हता. तो पाय बघत होता.

त्या काळी कापणं म्हणजे खरोखरच कापणं. गाणं चुंबकी टेपवर, टेप धातूच्या खाचेत बसवायची, दाढीच्या पात्यानं तिरकी कापायची आणि चिकटपट्टीनं जोडायची. स्टुडिओतली टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर पळते. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं घेतलं तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे १९ सेंटिमीटर टेप. वितीपेक्षा जरा कमी. चार ठोक्यांचा एक बार म्हणजे दीड हाताहून थोडी जास्त. मला हे माप फार आवडतं. आमच्या बाजारात दोरी आणि कापड हातानं मोजून दिलेलं मी पाहिलंय, आणि तिकडं ही माणसं ताल हातानं मोजून कापत होती, गळ्यात टेपच्या पट्ट्या लटकवून.

बारा इंची सिंगलचा, म्हणजे एका अख्ख्या बाजूवर एकच गाणं असलेल्या मोठ्या रेकॉर्डचा, जन्मही याच माणसाच्या हातून, आणि तोही अडचणीतून झाला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याला एका गाण्याची नमुना रेकॉर्ड कापून, म्हणजे कोऱ्या चकतीवर खाच कोरून, हवी होती आणि कापणाऱ्या होझे रॉड्रिगेझकडं सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या होत्या. दहा इंची होती, तिच्यावर कापलं. एवढ्या मोठ्या चकतीवर एवढंसं गाणं बरं दिसेना, म्हणून खाचा पसरवल्या आणि आवाज वाढवला. ऐकलं तर अंगावर आलं. पुढं बारा इंची आली ती तिथून.

कारण साधं आहे. बेसचा सूर खाचेला डावी-उजवीकडं जास्त हलवतो. जेवढा दणकट बेस, तेवढी खाच रुंद झोके घेणार, आणि तेवढीच तिला शेजारच्या खाचेपासून लांब ठेवावी लागणार. एलपीच्या, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्डच्या, एका बाजूला पाच-सहा गाणी कोंबली की खाचांना हलायला जागाच उरत नाही, मग बेस दाबून भरावा लागतो. दहा माणसांच्या खोलीत झोपलेल्यानं कूस किती बदलावी? आपल्याकडच्या सिनेमांच्या एलपी अशाच भरलेल्या. त्यामुळं मुंबईच्या स्टुडिओत बसून एखाद्या बेसवाल्यानं जीव ओतून वाजवलेली चार आवर्तनं आपल्याला नेहमी भिंतीपलीकडून ऐकू आल्यासारखी ऐकू आली. तोच तुकडा मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या गतीनं फिरणाऱ्या बारा इंचीच्या एका अख्ख्या बाजूवर पसरून भरला की तो माणूस पहिल्यांदा खोलीत येऊन बसतो.

१९७६ साली साल्सोल या रेकॉर्ड कंपनीनं वॉल्टर गिबन्स नावाच्या डीजेकडून एक गाणं नव्यानं बांधून घेतलं आणि ते बारा इंचीवर दुकानात विकायला ठेवलं. तीनेक मिनिटांचं गाणं, त्याचे नऊ मिनिटांहून जास्त झाले होते. गिबन्स आधीपासून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन प्लेअरवर लावायचा आणि इकडचा ड्रमचा तुकडा संपला की तिकडून सुरू करायचा. म्हणजे आमचा हलगीवाला त्याला लागला नसता. दुसरा प्लेअर घ्यायची अण्णांची ऐपत असती तर त्यांनीही हेच केलं असतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

डिस्कोला पुढं वाईट दिवस आले. हे संगीत मुळात न्यूयॉर्कच्या काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी मुलामुलींनी मोठं केलं, ज्यांना दुसरीकडं मोकळं नाचू दिलं जात नव्हतं त्यांनी. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर लोकांनी आणलेल्या डिस्को रेकॉर्डींचा पेटारा स्फोटकं लावून उडवला, आणि हजारो माणसं मैदानात उतरून नाचली. मला तो प्रसंग वाचवत नाही. रेकॉर्ड ज्याच्या घरात जपून ठेवलेली असते त्याला तो वाचवणार नाही. पण त्याच शिकागोत फ्रँकी नकल्स टेपच्या मशीनवर जुनी डिस्को गाणी कापून-जोडून वाजवत राहिला. नव्या रेकॉर्डी यायच्या थांबल्या, म्हणून त्यानं जुन्याच लांबवल्या, आणि त्यातून हाऊस नावाचं नवं संगीत उभं राहिलं.

आणि इकडं? मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते. हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात वाजवणारे. त्यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली, ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ बेस मशीन, आणि डिस्कोच्या ठेक्यावर भैरवापासून मालकंसापर्यंत दहा राग वाजवले. एचएमव्हीनं एलपी काढली. खपली नाही. २०१० साली एका डच संग्राहकानं ती नव्यानं काढली तेव्हा जग चकित झालं, कारण त्याच बेस मशीनमधून शिकागोच्या पोरांनी ॲसिड हाऊस हा हाऊसचा नवा प्रकार काढला ते या एलपीच्या पाच वर्षांनंतर. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले. म्हातारपणी का होईना, त्यांना परदेशातल्या नाचणाऱ्या गर्दीसमोर हे राग वाजवायला मिळाले, याचं मला फार समाधान आहे. या एलपीला मी कधी पातं लावणार नाही. तिच्यात ठेका एकदा सुरू झाला की राग संपेपर्यंत तुटतच नाही. तिला लांबवायचं काय?

काही गाणी मात्र कापल्याशिवाय मोकळी होत नाहीत. चांगली जागा पंधरा सेकंदांची आणि तिच्या आजूबाजूला घाईघाईनं उरकलेलं सगळं. अशा गाण्यांसाठी एडिट आहे. माझा नियम एकच, बाहेरचं काही घालायचं नाही. हल्ली बरेच जण खालून नवा, संगणकाचा किक ड्रम सरकवतात आणि सगळं गाणं त्याच्या मापात बसवतात. माझ्या मनाला ते पटत नाही. हाडामांसाचा ड्रमर अंतऱ्यात किंचित पळतो, ब्रेकला, म्हणजे गाणारा थांबतो त्या जागी, किंचित रेलतो, आणि नाचणारा पाय त्या रेलण्यावरच अडकतो. तेच सरळ करून टाकलं तर उरलं काय?

आता त्या एका रेकॉर्डचं सांगतो.

१९९३ ची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. औसा तालुक्यातल्या एका गावच्या मंडळाला अण्णांनी सेट दिला होता, एका पेटीसकट. विसर्जन झाल्यावर सामान गावातच एका घरी ठेवलं, सकाळी जाऊन आणायचं ठरलं. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूरला आम्ही सगळे रस्त्यावर आलो. उजाडताच अण्णा दुकानातला उरलेला ॲम्प्लिफायर, एक भोंगा आणि ट्रकची बॅटरी घेऊन गेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, झोपलेली माणसं त्याच्याखाली गेली. त्यात पाऊस. चार दिवस अण्णा तिथंच होते. त्या भोंग्यातून नावं पुकारली जात होती. कोण कुठल्या दवाखान्यात, कुणाचं कोण सापडलं, कुणी कुठं यायचं.

ज्या घरात पेटी होती त्या घरातली तीन माणसं गेली. म्हणून पेटीबद्दल बोलायला मला आजही संकोच वाटतो, आणि अण्णा तर कधीच बोलले नाहीत. तीनेक आठवड्यांनी तिथल्याच एकानं ती आणून दिली. पत्रा दाबला गेलेला, आत चिखल आणि काळे तुकडे. एकच रेकॉर्ड अख्खी. तिलाही काठापासून आत दोन बोटं तडा गेलेला, लेबल भिजून कोरं झालेलं. फक्त लाल टिकली होती. अण्णांनी ती रेकॉर्ड धुतली, पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कपाटावर ठेवली. पुढच्या सराईला त्यांनी कॅसेटचा सेट घेतला.

सात वर्षांपूर्वी मी ती खाली काढली. लेबल गेलं असलं तरी लेबलाशेजारच्या मोकळ्या कडेवर कोरलेला नंबर शाबूत होता. त्यावरून सिनेमा सापडला, संगीतकार सापडला. बेस कुणी वाजवला ते मात्र कुठंच नाही. आपल्या रेकॉर्डींवर गायकांची नावं ठळक, संगीतकाराचं ठळक, गीतकाराचंही असतं, पण ड्रमवर कोण, बेसवर कोण, सिंथवर कोण, हे छापायची कुणाला गरज वाटली नाही.

तडा पहिल्या गाण्यातून जात होता, आणि करडी रेघही त्याच गाण्यात. १९८१ चं गाणं, गती मिनिटाला ११८ ठोक्यांच्या आसपास. रेघेवर सुई टेकवली आणि ऐकलं. बेस, बंद झांजेची चिकचिक, आणि हळूहळू वर चढत जाणारा सिंथचा एकच सूर. चार बार, सोळा ठोके, आठ सेकंद. आणि मधून मधून तड्याचा 'टक'.

हा टक ऐकत मी दोन रात्री काढल्या. रेकॉर्डला एक फेरी पूर्ण करायला १.८ सेकंद लागतात, म्हणून टक दर १.८ सेकंदांनी येणार. गाण्याचा एक बार मात्र दोन सेकंदांहून किंचित मोठा. म्हणजे टक प्रत्येक बारात साधारण अर्धा ठोका आधी सरकतो. पहिल्या बारात तो चौथ्या ठोक्यावर पडला, दुसऱ्यात तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे, तिसऱ्यात तिसऱ्यावर, चौथ्यात दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे. चार बारांत चार टक, आणि चारही वेगवेगळ्या जागी. म्हणजे एका बारात जो ठोका दुखावलाय तोच दुसऱ्या कुठल्यातरी बारात धडधाकट आहे.

संगणकावर टक पुसणारी सॉफ्टवेअरं आहेत. स्वच्छ प्रत शोधली असती तर तीही मिळाली असती. मी शोधली नाही. शेजारच्या बारातला चांगला ठोका उचलून दुखावलेल्या जागी बसवत गेलो. पहिल्याचा चौथा ठोका तिसऱ्या बारातून. तो बसेना. ऐकून ऐकून कळलं की बेसवाला तिसऱ्या बारात थोडा पुढं रेलला होता, त्यामुळं जोडावर पाय ठेचकाळत होता. केसभर मागं घेतला तेव्हा चालायला लागला. एका ठोक्याला एक संध्याकाळ गेली. झिजलेल्या खाचेची खरखर आहे तशी ठेवली, पाऊस पडत असल्यासारखी. ती पोरांच्या नाचण्याची खरखर आहे, ती पुसायचा मला काय अधिकार?

मग ते सोळा ठोके सोळा वेळा. सोळाच का, तर लातूरच्या माणसाला सोळा आकडा जवळचा, आमच्या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. लांबी दोन मिनिटांच्या थोडी वर भरली. एकदम सपाट नको म्हणून सिंथचा चढता सूर चौथ्या फेरीपर्यंत मागं दाबून ठेवला, आठव्यापासून पुढं आणला. त्याच्या आधी मुखडा एकदाच. नंतर व्हायोलिन, आणि शेवटी परत बेस. सगळं मिळून सात मिनिटं.

हक्काचं बोलायला हवं. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणं ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं चालतो, म्हणजे १९८१ च्या रेकॉर्डचा २०४१ संपेपर्यंत. जगभर पांढऱ्या लेबलच्या एडिट तीनशे-पाचशे प्रतींत निघतात, बऱ्याचशा कुणाला न विचारता. काही कंपन्या मात्र रीतसर परवानगी घेतात, मूळ कलाकारांना पैसे देतात, आत त्यांची नावं आणि फोटो छापतात. मला हा दुसरा रस्ता बरोबर वाटतो. ज्याच्या वाजवण्यावर लोक नाचतात त्याचं नाव दडवायचं आणि आपलं टोपणनाव मोठ्या अक्षरात मिरवायचं, ही चोरीच आहे, मग कापणी कितीही सुबक असो. मी परवानगी घेतलेली नाही, म्हणून माझी एडिट विकली नाही, कुठं चढवली नाही, आणि त्या गाण्याचं नाव इथं लिहीत नाही. फक्त एक प्रत केली. बाहेरदेशी खाच कोरायच्या यंत्रावर एकेक रेकॉर्ड कापून देणारी माणसं आहेत, त्यांच्यातल्या एकाकडून बारा इंची कापून आणली. तिच्या कोऱ्या लेबलवर सिनेमाचं नाव, संगीतकाराचं नाव आणि खाली 'बेस:' लिहून पुढची जागा मोकळी ठेवलीय.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीची हळद होती, घरासमोरच्या अंगणात. डीजेची गाडी रात्री येणार होती. मला त्या भिंतीएवढ्या गाड्यांची मनापासून भीती वाटते. म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरते, काचा थरथरतात, आणि त्यात बेस कुठला आणि गोंगाट कुठला हे कळत नाही. भावाला म्हणालो, गाडी येईपर्यंतचा अर्धा तास मला दे.

पलंगावर शहाबादी फरशी टाकली, तिच्याखाली अर्धी हवा भरलेली सायकलची ट्यूब, म्हणजे नाचणाऱ्यांचा दणका सुईपर्यंत जात नाही. तिच्यावर प्लेअर. अण्णा समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत. त्यांना आता उंच आवाज ऐकू येत नाहीत, कानातलं यंत्र गर्दीत ते काढूनच ठेवतात. बेस त्यांना खुर्चीच्या पायांतून कळतो. कुठली रेकॉर्ड आहे ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मुखडा झाला. बेस सुटा झाला. पोरांनी आधी मोबाईल वर धरले होते, ते चौथ्या फेरीच्या सुमाराला खाली गेले. आठव्या फेरीला सिंथ चढायला लागला तसं स्वयंपाकातून बायका बाहेर आल्या, हाताला हळद तशीच. माझी चुलती, वय सत्तरीच्या पुढं, पदर खोचून घेऱ्यात शिरली. कुणी ओरडत नव्हतं. सगळे खाली बघून नाचत होते. ते मी पस्तीस वर्षांनी बघत होतो.

सोळावी फेरी संपली. व्हायोलिन आली. मी ठरवलेलं सगळं माझ्या मापानं झालं होतं, आणि मी अण्णांकडं बघितलं.

ते माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांचे डोळे चुलतीच्या पायांवर होते. उजवा हात खुर्चीच्या हातावरून उठला, तर्जनी सरळ झाली आणि हवेत एक गोल फिरला.

मी सुई उचलली. हलगी नव्हती. अंगणात एकदम शांत झालं, आणि घेऱ्यातल्या बायकांनी टाळी धरली. सुई टेकेपर्यंत ती चालू होती.